खर्च कमी झाला की नुसता सरकवला?

परवा हिंजवडीत फेज दोनला एका ओळखीच्या वाहतूकदाराकडे बसलो होतो. पाच ट्रॅव्हलर आहेत त्याच्या. आयटी कंपनीच्या माणसांची ने-आण करतो, शिफ्टप्रमाणे, रात्रंदिवस. मी बातमीसाठी गेलो होतो ट्रॅफिकच्या, पण गडी भलत्याच विषयावर बोलत होता. म्हणाला, "पत्रकार, रेट कमी केला त्याचं मला काही नाही. धंद्यात चालतं. पण तीन महिने बिलच नाही म्हणजे काय?"

झालं असं की कंपनीने खर्च कमी करण्यासाठी एक सल्लागार फर्म नेमली. 'स्ट्रॅटेजिक सोर्सिंग' म्हणतात याला. कंपनी काय काय विकत घेते, कोणाकडून, कोणत्या दराने, हे सगळं तपासायचं आणि बचत काढून दाखवायची. फी म्हणजे जी बचत दाखवाल त्यातला हिस्सा. मग ऑनलाइन उलटा लिलाव झाला. आपल्या मार्केट यार्डात बोली वर चढते, इथे खाली उतरते. स्क्रीनवर समोरच्याचा आकडा दिसतो, नाव दिसत नाही. याने काम हातचं जाऊ नये म्हणून दर पाडला. आणि करारात पैसे तीस दिवसांऐवजी नव्वद दिवसांनी मिळणार असं आलं.

आता माझा हिशोब बघा. माणूस पत्रकार असला तरी गणित साधं आहे. याचं महिन्याचं बिल साधारण सहा लाख. साठ दिवस जास्त थांबायचं म्हणजे दोन बिलं, बारा लाख रुपये, कायमचे अडकले. डिझेल उधार मिळत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबत नाही, गाडीचा हप्ता तर नाहीच नाही. मग हा बाहेरून कर्ज काढतो, वर्षाला अठरा टक्क्यांनी. महिन्याला व्याज अठरा हजार. म्हणजे बिलाचे तीन टक्के व्याजातच गेले. तिकडे कंपनीला हेच बारा लाख वापरायला मिळाले. तिला बँक नऊ टक्क्यांनी पैसे देत असेल असं धरू. तिचा फायदा महिन्याला नऊ हजार. नऊ हजार वाचवायला अठरा हजार घालवले! फक्त ते दुसऱ्याच्या खिशातून गेले, म्हणून प्रेझेंटेशनमध्ये दिसले नाहीत.

आणि दुसऱ्याच्या खिशात तरी किती काळ राहणार? टायर आणखी दोन महिने ओढायचा. एका ड्रायव्हरला दोन ड्युट्या. रात्री दोनला कंपनीतून निघालेल्या मुलीला घरी सोडणारा हाच ड्रायव्हर असतो, हे परचेस डिपार्टमेंटच्या एक्सेल शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये येतं?

सल्लागार म्हणजे लुटारू असं मला म्हणायचं नाही. कंपन्यांत खरंच उधळपट्टी असते. एकच वस्तू तीन विभाग तीन दराने घेतात, कुणाला पत्ता नसतो. पण तिथली बचत शोधायला मेहनत लागते. याच वाहतूकदाराने मला सांगितलं, घरून काम सुरू झाल्यापासून काही दिवशी त्याची गाडी वाकडहून चार जणांना घेऊन येते, मागोमाग दुसऱ्याची गाडी त्याच रस्त्याने पाच जणांना. दोन रूट एक केले तर दर न पाडता पैसे वाचतील. सल्लागारांना सांगितलं का, विचारलं. "मला कुणी विचारलंच नाही," म्हणाला. त्यांनी त्याच्याशी बोलणं केलं ते फक्त लिलावाचा पासवर्ड देण्यापुरतं.

हा प्रकार आजचा नाही. १९९० च्या दशकात जनरल मोटर्सच्या खरेदीखात्यात इग्नासिओ लोपेझ नावाचा माणूस होता. पुरवठादारांचे दर पिळून काढण्यासाठी त्याची ख्याती. १९९३ मध्ये तो फोक्सवॅगनकडे गेला (हीच ती कंपनी, जिचा चाकणला कारखाना आहे) आणि दोन्ही कंपन्यांत मोठं कोर्टाचं भांडण झालं. त्याने पैसे वाचवले, यात वाद नाही. पण पुरवठादारांशी जे संबंध बिघडले, त्याची किंमत कंपनीला नंतर चुकवावी लागली, असं त्या धंद्यातले लोक आजही सांगतात.

आपल्याकडे यावर कायदा आहे, आणि चांगला कडक आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. करारात नव्वद लिहिलं तरी ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०१७ पासून 'समाधान' पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. १ एप्रिल २०२४ पासून तर आयकरातही चिमटा बसवलाय. मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी देणार त्याच वर्षी तो खर्च धरायला मिळतो. शंभर कोटींची उलाढाल असलेला उद्योगही आता 'लघु'मध्ये येतो, मग पाच गाड्यांवाला तर येणारच. फक्त 'उद्यम' नोंदणी हवी.

त्याची नोंदणी आहे. सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय, गणपतीच्या फोटोशेजारी. मी विचारलं, मग तक्रार का नाही करत? माझ्याकडे बघून हसला. "तक्रार केली की व्याज मिळेल एकदा. पुढची पीओ कोण देणार, तुम्ही?"

माझ्या यादीत परचेसमध्ये काम करणारे बरेच जण आहेत, हे वाचतीलही. त्यांना एवढंच विचारतो: सल्लागाराने दाखवलेल्या बचतीतली किती खरी काटकसर आणि किती उशिरा दिलेलं बिल, हे वेगळं काढून बघितलंय का कधी? फी देताना दुसरा आकडा वजा करायला काय हरकत आहे?

वाहतूकदाराने निघताना सांगितलं, लिहा, पण नाव नको. मी म्हटलं, नाही लिहीत. गेटपर्यंत आला आणि म्हणाला, "गावाचंही नको. आणि गाड्या पाच आहेत हे लिहिलं तरी ओळखतील का हो?"