आमच्या तलावांतील मत्स्यसंवर्धन

मत्स्यसंवर्धन हा शब्द कानीं पडला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें समुद्रकिनारा उभा राहतो. ओडिशांतील चिल्का, आंध्र व तामिळनाडू यांच्या सीमेवरील पुलिकत, केरळांतील वेंबनाड हीं खाऱ्या सरोवरांचीं नांवें परीक्षेपुरतीं पाठ केलीं जातात, आणि समुद्रापासून शेंकडों मैल दूर राहणाऱ्या गोंदियाच्या मुलास त्यांच्याशीं काय कर्तव्य, असें मानून तें पान उलटलें जातें. आमचें मत निराळें आहे. त्या सरोवरांत गेल्या चाळीस वर्षांत जें घडलें तें आमच्या तलावांच्या पाळीवर बसून वाचण्याजोगें आहे. पाणी एक आणि त्यावर पोट भरणारे अनेक. अशा स्थितींत त्या पाण्यांत काय वाढवावयाचें हें कोणीं ठरवावयाचें, असा प्रश्न तेथें उत्पन्न झाला. तोच प्रश्न आतां आमच्या दारांत येऊन उभा आहे.

१ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा काढण्यांत आला, तेव्हां तलावांचा जिल्हा ही कीर्तिही दोघांच्या वांट्यास आली. पूर्व विदर्भांत जुने मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. लोक त्यांस लाडानें ‘मामा तलाव’ म्हणतात. चांद्याच्या गोंड राजांच्या काळीं जो रान तोडून तलाव बांधील त्यास तेथील जमिनीचा हक्क मिळे. या विद्येंत कोहळी लोकांचा हात धरणारे कोणी नव्हते. नवेगांव येथील बांध कोलू पाटील कोहळी यानें घातला असें परंपरा सांगते, व त्याच्या भोंवतालच्या सात टेंकड्यांस सात बहिणी म्हणतात. टेंकडीवरून उतरणारें पाणी पाळीनें अडवावें, मोरींतून धानाच्या बांध्यांना द्यावें, उरलेलें सांडव्यावरून खालच्या तलावांत सोडावें, अशी ही एकास एक गुंफलेली माळ आहे. धान कुणब्याचा, पोवाराचा, कोहळ्याचा, गाळ सर्वांचा, आणि पाण्यांतील मासा व शिंगाडा ढिवराचा.

ही व्यवस्था निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. मालगुजाराच्या शब्दापुढें कोणाची मात्रा चालत नसे, व पाळीवर माती टाकणारे हात पुष्कळदां वेठीचे असत. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० सालीं झाला व १९५१ पासून तलाव सरकारचे झाले, हें न्यायाचेंच झालें. परंतु मालकी बदलली तशी पाळीची काळजी कोणीं वाहावी याची चोख व्यवस्था झाली नाहीं. गाळ सांचत गेला, मोऱ्या फुटल्या, काठावर बेशरम माजली, आणि ज्याचें पोट धानावर नव्हे तर तलावावरच होतें त्या ढिवराचें नुकसान सर्वांत आधीं झालें.

त्यावर उपाय म्हणून मत्स्यबीज आलें. येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. कटला, रोहू व मृगळ हे मासे सांठलेल्या पाण्यांत वाढतात, परंतु तेथें अंडीं घालीत नाहींत. त्यांस पुराचें वाहतें पाणी लागतें. त्यामुळें पूर्वीं त्यांचीं पिलें नद्यांतून गोळा करून आणावीं लागत. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींकडून अंडीं घालविण्यांत यश मिळविलें; म्हणूनच देशांत तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पुढें चंदेरा, गवत्या व सायप्रिनस हे परदेशी मासे त्यांत मिसळले गेले. वरच्या थरांतील, मधल्या थरांतील व तळाचें खाद्य खाणारा मासा एकत्र वाढविला म्हणजे पाण्याचा कोणताही भाग वायां जात नाहीं, हा यामागील हिशोब आहे. आणि सिमेंटच्या हौदासाठीं किंवा शेततळ्यासाठीं तो हिशोब बरोबरही आहे.

पण तलाव म्हणजे हौद नव्हे. गवत्या मासा नांवाप्रमाणें पाण्यांतील गवत खातो. सायप्रिनस तळ उकरून गढूळ करतो, त्यामुळें रुजलेल्या वनस्पति उपटल्या जातात. हायड्रिलासारखीं पाणवेलींचीं बेटें नाहींशीं झालीं म्हणजे त्यांत अंडीं घालणारे, पिलें लपविणारे देशी मासे बेघर होतात. आमची मरळच घ्या. ती उथळ पाण्यांत गवताच्या आडोशानें घरटें करते आणि पिलांची राखण करते. लालसर पिलांचा थवा व खालीं फिरणारी आई ज्यानें पाहिली असेल त्यास हें सांगावें लागत नाहीं. मरळ, मागूर व शिंगी हे मासे हवेंतूनही श्वास घेऊं शकत असल्यामुळें तलाव आटून डबकें उरलें तरी तग धरतात, बाजारांत जिवंत नेतां येतात, व त्यामुळें भावही चांगला मिळतो. त्यांचें बी दरवर्षीं विकत आणावें लागत नाहीं. असें असूनही संवर्धनाच्या जुन्या शिकवणींत त्यांस ‘भक्षक’ ठरवून तलाव आधीं स्वच्छ करावा असें सांगितलें जाई. ज्या पाहुण्यास दरसाल पैसे देऊन बोलवावयाचें त्याच्यासाठीं घरधन्यास बाहेर काढण्यासारखें हें झालें!

कोणी म्हणेल, हा निव्वळ भावनेचा प्रश्न आहे. गोंदियाच्या बाजारांत बर्फांत घातलेला आंध्रचा मासा येतो, त्याच्या भावाशीं टक्कर द्यावयाची तर आंध्राप्रमाणेंच मासा पिकवावयास हवा. ठीक आहे; आंध्राचीच गोष्ट पाहूं. कृष्णा व गोदावरी यांच्या मुखांमध्यें कोल्लेरू नांवाचें विस्तीर्ण गोडें सरोवर आहे. १९७० नंतरच्या दशकांत सरकारनें तेथील गरीब कोळ्यांच्या सहकारी संस्थांना सरोवराच्या तळांत मत्स्यतळीं बांधून दिलीं. हेतु चांगला होता. परंतु खाद्य, औषध व बीज यांस भांडवल लागतें. तें कोळ्यांजवळ नव्हतें. हळूहळू तळीं पैसेवाल्यांनीं खंडानें घेतलीं, बांधावर बांध चढले, पुराचें पाणी अडूं लागलें, आणि मूळचा कोळी आपल्याच सरोवराच्या कांठीं मजूर झाला. १९९९ सालीं तें अभयारण्य ठरलें, आणि २००६ सालीं सरकारास यंत्रें लावून सरोवरांतील तळ्यांचे बांध फोडावे लागले. एकाच पिढींत बांधणें व फोडणें, दोन्हीही सरकारी खर्चानें.

चिल्क्याची कथा याहून दुःखद आहे. तेथील खाऱ्या पाण्यांत कोळंबीला परदेशी भाव मिळूं लागला तसे बाहेरचे लोक जाळ्यांच्या व मातीच्या घेरी घालून पाणी अडवूं लागले. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर १९९६ च्या निकालानें चिल्का व पुलिकत यांच्या कांठापासून एक हजार मीटरच्या आंत कोळंबी-संवर्धनास मनाई केली. त्याच्या आधीं, १९९४-९५ च्या सुमारास, पूर्व किनाऱ्यावरील तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊन कोळंबी मेली होती, आणि मागें राहिली ती खारावलेली जमीन. तरीही घेरी निघाल्या नाहींत. मे १९९९ मध्यें संतापलेल्या कोळ्यांनीं त्या स्वतः तोडल्या, तेव्हां सोराणा येथें पोलिसांच्या गोळीबारांत चौघांचे प्राण गेले. दुसऱ्याच वर्षीं, सप्टेंबर २००० मध्यें, गाळानें बुजत चाललेल्या सरोवरास समुद्राकडे नवें मुख खोदून दिलें आणि कोणत्याही घेरीशिवाय मासळी पुन्हां वाढली. भिंतींपेक्षां वाटा मोकळ्या करण्यानें मासा वाढतो, हें आमच्या सांडव्यांस व नाल्यांसही लागू आहे. पहिल्या पावसांत प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा कोणी पाहिला नाहीं?

आमच्या रचनेशीं सर्वांत जवळचें उदाहरण मात्र गोमंतकांतील खाजणांचें आहे. तेथें खाडीच्या पाण्यास बांध घालून आंत भात व दारांशीं मासा अशी जोडी शतकानुशतकें चालली. बांधास लांकडी दारांची मानस असते. भरतीला तीं दारें आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात, आणि तेथें मासा धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. बांधाची निगा गांवकरी पाहात. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर तें काम कुळांच्या संघांकडे आलें. कित्येक ठिकाणीं लिलावाचें उत्पन्न इतकें गोड वाटूं लागलें कीं खारें पाणी शेतांत मुद्दाम आंत घेतलें जाऊं लागलें. मासा मिळाला, भात गेलें, शेवटीं बांधही गेले. १९५१ मध्यें आमच्याकडे जें झालें त्याची ही सख्खी बहीणच! तेथें माशानें भाताचा घास घेतला. येथें शेवटचें पाणीही बांध्यांस सोडून तलाव कोरडा केल्यावर धान माशाचा घास घेतें. पाण्याची कोणती पातळी तलावांत राखावयाची हें दोघांनीं बसून ठरविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां आपल्याच जिल्ह्यांत झालेलें काम सांगतों. अर्जुनी मोरगांव तालुक्याच्या परिसरांत ढिवर मंडळींनीं भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाच्या साहाय्यानें गेल्या पंधरा-वीस वर्षांत कांहीं तलाव नव्यानें वसविले. त्यांनीं बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यांत कोरडा तळ नांगरला, पावसाच्या तोंडावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया इत्यादि देशी वनस्पति लावल्या, आणि देशी माशांना पुन्हां घर दिलें. मासे आले, त्यांच्यामागें पक्षीही आले. महाराष्ट्रांत सारस पक्षी आतां मुख्यतः आमच्याच भागांत उरला आहे. तोही धानाच्या बांध्या व तलावांच्या उथळ कडांवरच जगतो. या कामांत ढिवरांच्या स्त्रिया पुढें होत्या हें विशेष. डोक्यावर टोपली घेऊन गांवोगांव मासा विकावयाचा तो स्त्रीनें, आणि मच्छीमार संस्थेच्या सभासदांच्या यादींत नांव तेवढें पुरुषाचें, हा प्रकार आम्हांस कधींच उमगला नाहीं. जिला कोणता मासा कोणत्या महिन्यांत कमी झाला हें विक्रीवरून ठाऊक आहे, तिला सभेंत बोलावयास जागा नको काय?

एप्रिल २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २०२० पासून केंद्राची मत्स्यसंपदा योजनाही चालूं आहे. पैसा येईल, आणि पैशाबरोबर ठेका मिळविणारेही येतील. मच्छीमार सहकारी संस्था कागदावर स्थानिक राहून आंतून एखाद्या व्यापाऱ्याची होणें अशक्य नाहीं. कोल्लेरूस तेंच झालें. वनक्षेत्रांतील गांवांना मासे व जलाशयांतील इतर उत्पन्नावर २००६ च्या वनहक्क कायद्यानें हक्क दिला आहे, तो किती ग्रामसभांनीं मागितला आहे, हें पालकांनीं आपापल्या गांवीं विचारून पाहावें.

कटला-रोहूस आमचा विरोध नाहीं. मोठ्या जलाशयांत, इटियाडोहासारख्या धरणांत, ते अवश्य सोडावेत. पण एवढेंसें जिरें मोठ्या पाण्यांत टाकणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें. बोटभर वाढलेली बोटुकली हवी. आणि येथेंच आमच्या लहान बोड्यांचा उपयोग आहे: बोडींत पाणी कांहीं महिनेच टिकतें, पण जिऱ्याची बोटुकली होण्यास तेवढें पुरतें. बाहेरून बोटुकली आणण्यांत जाणारा पैसा गांवांत राहील. गवत्या व सायप्रिनस मात्र मामा तलावांत सोडूं नयेत. आफ्रिकी मागूर, ज्यावर २००० सालीं केंद्र सरकारनें बंदी घातली, तो तर कोणाच्याही तळ्यांत असूं नये. पाण्यांतील सर्व कांहीं खाऊन टाकणारा तो प्राणी एका पुरांत शेजारच्या तलावांत जातो.

दरवर्षीं प्रवेशाचे अर्ज भरतांना एक गोष्ट आमच्या मनास लागते. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यांत ढिवरांच्या घरचीं मुलें बहुधा ‘मजुरी’ असें लिहितात. ज्याला पाण्याच्या रंगावरून तळाची स्थिति कळते, जो जाळें स्वतः विणतो, ज्याला शिक्षकांस ठाऊक नसलेलीं पंचवीस-तीस माशांचीं नांवें येतात, त्याचा मुलगा त्या विद्येची लाज बाळगतो. कांहीं अंशीं तो खरेंही लिहितो, कारण तलाव बुजल्यावर बाप खरोखरच परगांवीं मजुरीस जातो. तलाव सुधारल्यास त्या रकान्यांत काय लिहिलें जाईल, हें पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.

हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां फाल्गुन लागलेला असेल. वैशाखांत तलावांचा तळ उघडा पडतो. बेशरम उपटावयाची व तळ नांगरावयाचा तो तेव्हांच. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर तें काम होत नाहीं.