बायो सोडलं म्हणून डॉक्टरकी सुटली का?

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या अर्जाची घाई सुरू होते. त्या घाईत भरलेल्या विषयांच्या एका रकान्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची पुढची दिशा ठरून जाते. इंजिनिअरिंगकडे कल असलेली मुलं तिथे बायो सोडतात. कुणी बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स घेतं, कुणी कॉम्प्युटर सायन्स, आणि दोनशे गुणांचा तो एक विषय जीवशास्त्राची जागा कायमची घेऊन टाकतो. हे 'कायमचं' निसर्गानं ठरवलेलं नव्हतं, नियमानं ठरवलं होतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या काळापासून चालत आलेल्या त्या नियमानुसार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय अकरावी-बारावीची दोन वर्षं नियमित, सलग आणि एकत्र शिकलेले असले तरच वैद्यकीय प्रवेशाची पात्रता मिळे. बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून देऊन उत्तम गुण मिळवले, तरी ते मोजले जात नसत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २२ नोव्हेंबर २०२३ च्या जाहीर सूचनेनं ही अट काढली. आता बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान जादा विषय म्हणून उत्तीर्ण झाला, तर तो नीटला बसू शकतो. या निर्णयावर तेव्हापासून बरीच टीका होते आहे. ती टीका चुकीच्या जागी बोट ठेवते, असं माझं स्पष्ट मत आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या दारात विचारायचा प्रश्न 'तुला जीवशास्त्र येतं का' हा आहे. 'ते कुठल्या वर्षी आणि कुठल्या बाकावर बसून शिकलास' हा प्रश्न तिथे गैरलागू आहे.

पहिला आक्षेप पायाचा. जीवशास्त्र न शिकलेली मुलं डॉक्टर होणार, मग रुग्णांचं काय, असं विचारलं जातं. यात मूळ वस्तुस्थितीच उलटी मांडलेली आहे. आयोगानं जीवशास्त्र माफ केलेलं नाही. त्याची परीक्षा उत्तीर्ण होणं आजही बंधनकारक आहे, आणि पुढे नीट आहेच. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मा पेपर. ज्याला हा विषय येत नाही त्याची डाळ तिथे शिजत नाही. हा पाया म्हणजे नेमकं काय, तेही एकदा पुस्तक उघडून पाहायला हवं. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राचा मोठा भाग वनस्पतींचा आहे. त्यांचं वर्गीकरण, प्रकाशसंश्लेषण, फुलांमधलं प्रजनन, त्यापुढे परिसंस्था, जैवविविधता. हे ज्ञान मोलाचं आहे, पण एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची इमारत त्यावर उभी राहत नाही. मानवी शरीरक्रिया, आनुवंशिकता, पेशी, रोगप्रतिकार ही प्रकरणं मात्र खरंच कामाची आहेत, आणि ती चांगली समजलेला विद्यार्थी पहिले काही महिने सुखात असतो, हे मान्यच करायला हवं. पण पहिल्या वर्षाचे शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तिन्ही विषय मुळापासून शिकवले जातात. खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू, त्यांना जाणाऱ्या नसा, कुठली नस दुखावली की हात कसा लुळा पडतो, यातलं काहीही बारावीत नसतं. डिसेक्शनच्या टेबलापाशी दोन वर्षं बायो शिकलेला आणि एका वर्षात ते भरून काढलेला, दोघेही हे पहिल्यांदाच पाहत असतात.

याच आक्षेपाचं एक अधिक टोकदार रूप आहे, आणि त्याला उडवून लावता येत नाही. नीटमध्ये विषयवार किमान गुणांची अट नाही. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या जोरावर कुणी जीवशास्त्रातली उणीव झाकून पात्र ठरू शकतो. ही फट खरी आहे. पण ती याच मुलांसाठी उघडलेली नाही. दोन वर्षं वर्गात बसूनही जीवशास्त्र कच्चं राहिलेला विद्यार्थी याच फटीतून आत येतो, आणि त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. उपाय हवा असेल तर जीवशास्त्राच्या भागाला किमान गुणांची अट घालावी आणि ती सर्वांना सारखी लागू करावी. असं केलं तर पायाची चिंता खऱ्या अर्थानं मिटेल. गुणपत्रिकेवरचं वर्ष तपासून ती मिटत नाही.

दुसरा आक्षेप प्रात्यक्षिकांचा. प्रयोगशाळेत न बसता, सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता जीवशास्त्र कसलं, असं म्हणतात. तत्त्व म्हणून हे शंभर टक्के बरोबर आहे. पण जी दोन वर्षांची 'नियमित' हजेरी पवित्र मानली जाते, तिची अवस्था महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालायचं, दिवसभर क्लासमध्ये बसायचं, आणि प्रात्यक्षिकाची वही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून काढायची, हा 'इंटिग्रेटेड' कारभार काही गुपित राहिलेला नाही. अशा हजेरीला नियमित शिक्षण म्हणायचं, आणि बारावीनंतर स्वतःहून विषय घेऊन परीक्षा देणाऱ्याला अनियमित ठरवायचं, याला न्याय म्हणता येणार नाही. मुक्त विद्यालयातून शिकलेल्यांना अपात्र ठरवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्येच घटनाबाह्य ठरवली होती. शिक्षणाचा मार्ग वेगळा असला म्हणून ज्ञान कमी ठरत नाही, हे तेव्हाच मान्य व्हायला हवं होतं.

मग बाहेरच्या देशांकडे पाहू. तिथलं सगळं उचलून इथे लावता येत नाही, हे आधीच सांगतो. ऑक्सफर्डच्या वैद्यकीय प्रवेशासाठी शालेय पातळीवर रसायनशास्त्र अनिवार्य आहे, आणि सोबत जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा गणित यांपैकी किमान एक विषय लागतो. म्हणजे जीवशास्त्र न घेता, रसायन आणि गणित घेऊन आलेला विद्यार्थी तिथे अर्ज करू शकतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयानं १९८७ पासून साहित्य, इतिहास अशा विषयांच्या पदवीधरांसाठी वेगळी वाट उघडली. सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, अगदी नेहमीची प्रवेश परीक्षाही त्यांना माफ होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच अभ्यासात अशा ८५ विद्यार्थ्यांची ६०६ इतर विद्यार्थ्यांशी तुलना केली, आणि एकूण कामगिरीत ते मागे पडलेले दिसले नाहीत. प्रामाणिकपणे सांगायला हवं, की त्यांनाही महाविद्यालयात जीवशास्त्राचा मूलभूत अभ्यासक्रम करावाच लागे आणि त्यांची निवड फार चाळून होई. पण माझा मुद्दाही तेवढाच आहे. विषय थोडक्या काळात, उशिरा शिकता येतो, आणि उशिरा शिकल्यानं डॉक्टर कच्चा निघत नाही.

इथपर्यंत बचाव झाला. पण गणित घेऊन आलेली मुलं वैद्यकाला काही देतात, हेही ठामपणे सांगायला हवं. एक साधं उदाहरण घ्या. हजारात एकाला होणारा आजार आहे, आणि त्याची चाचणी आजारी माणसाला ९९ टक्के वेळा पकडते, निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा निरोगी म्हणते. कुणाचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९९ टक्के म्हणतील. आता एक लाख लोकांची चाचणी करून पाहा. त्यांत आजारी शंभर, त्यांपैकी ९९ जण पकडले जातील. निरोगी ९९,९००, त्यांपैकी ९९९ जण चुकून पॉझिटिव्ह निघतील. एकूण १,०९८ पॉझिटिव्ह, त्यांत खरे आजारी फक्त ९९. म्हणजे जेमतेम ९ टक्के. हा हिशोब ज्या डॉक्टरला बसल्या जागी जमतो, तो घाबरलेल्या माणसाला पुढच्या तपासण्यांच्या चरकात ढकलण्याआधी थांबतो. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर, बाकी सगळं तेच असताना, तिच्यातला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. रक्ताची आम्लता लॉगरिदमनं मोजली जाते. बारावीत हे गणित हाताखालून गेलेल्या मुलाला ते पाठ करावं लागत नाही, ते त्याला दिसतं. सिटी स्कॅन बनवणारे हाउन्सफील्ड इंजिनिअर होते, हा दाखला या वादात नेहमी दिला जातो. तो मी देणार नाही, कारण हाउन्सफील्ड रुग्ण तपासत नव्हते. मला रोजच्या ओपीडीत उपयोगी पडणारं गणित अभिप्रेत आहे.

'ज्याला डॉक्टर व्हायचंय तो बायो सोडेलच कशाला,' हा आक्षेप मला सगळ्यांत निर्दय वाटतो. सोळाव्या वर्षी मुलं घरच्यांच्या सांगण्यावरून, मित्रांच्या मागे, गावातल्या कॉलेजात जो ग्रुप आहे त्याप्रमाणे विषय निवडतात. घरातलं एखादं आजारपण, दवाखान्यात काढलेल्या रात्री, नाहीतर नुसतं वाढतं वय, यातून अठराव्या वर्षी मन बदलतं. ते बदललेलं मन कमी खरं नसतं. जुन्या नियमात त्याची किंमत होती अकरावीपासून पुन्हा दोन वर्षं. क्लासवाल्यांचं फावेल, मुलं वर्षामागून वर्षं ड्रॉप घेत राहतील, अशी भीती घालणाऱ्यांनी हा हिशोब करून पाहावा. दोन वर्षांच्या जागी एक विषय लागत असेल, तर वर्षं वाचतात.

आता राहिलेलं काम आपल्या राज्याचं आहे. आपल्या मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. जादा विषय म्हणून बसणाऱ्या मुलीनं हे तीस गुणांचं काम कुठे शिकायचं? पुण्या-मुंबईत ती पैसे मोजून प्रयोगशाळा शोधेल. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलीला तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा सोडली तर दुसरं काही नाही, आणि रविवारी तिला कुलूप असतं. नोंदणी केलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ती वर्षातून वीस रविवार उघडावी, त्या दिवसांचं मानधन प्रयोगशाळा सहायकाला आणि एका शिक्षकाला द्यावं, आणि मंडळानं त्या हजेरीची नोंद ठेवावी. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी तिनं स्वतःच्या हातानं काचपट्टीवर ठेवून पाहिली, की प्रात्यक्षिकांबद्दलच्या आक्षेपाला जागाच उरत नाही.