एकच प्रत, ती जपा!

हल्ली लग्न असो की विहारातला कार्यक्रम, मोबाईलवर दोनशे फोटो सहज निघतात. पूर्वी मोठ्या रोलमध्येही ३६ फोटो. प्रत्येक वेळी बटण दाबताना खिशाचा विचार करावा लागे. आम्हांला त्या दिवसांची आठवण येते, ती केवळ हौसेपायी नव्हे.

त्या काळी काही हौशी मंडळी घरीच रोल धुवत. त्यातही स्लाइडचा रोल म्हणजे कसोटीच! रात्री मोरीचे दार लावायचे, फटींत कपडे कोंबायचे आणि मिट्ट काळोखात बोटांच्या अंदाजाने रोल रिळावर चढवून टाकीत बंद करायचा. मग दिवा लावला तरी चाले. रंगीत स्लाइडच्या ई-६ पद्धतीत पहिले औषध ३८ अंश सेल्सिअसवर ठेवावे लागते. त्यासाठी बाटल्या गरम पाण्याच्या टबात ठेवून, थर्मामीटर आणि घड्याळाकडे डोळे लावून बसायचे. औषध निवले की चित्र काळवंडायचे. सगळे साधले, तर ओली फीत उजेडात धरताच पांढरी साडी, निळा झेंडा, आपल्या माणसांचे चेहरे रंगांसकट समोर येत.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. साध्या रोलची निगेटिव्ह राहते. तिच्यावरून हव्या तेवढ्या कॉप्या निघतात. स्लाइडमध्ये कॅमेऱ्यातली फीतच चित्र होते. ती गेली की चित्र गेले.

१९५६ ची धम्मदीक्षा, १९९०-९१ चे बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष, १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार. त्या दिवसांत आपल्या वस्तीत काय घडले, कोण पुढे होते, हे छापील इतिहासात क्वचितच सापडते. ते आपल्याच घरच्या पेट्यांत, जुन्या पाकिटांत असू शकते.

म्हणून बंधू-भगिनींनो, घर आवरताना निगेटिव्ह आणि स्लाइड रद्दीत टाकू नका. त्या कडेने धरा, ओल्या फडक्याने पुसू नका. ओलीने बुरशी चढते. तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून कोरड्या जागी ठेवा. पांढऱ्या उजेडापुढे धरून मोबाईलने एक प्रत काढून घ्या.

आणि आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारा : हे कोण, गाव कोणते, साल कोणते? उत्तर पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा. नाव नसलेला फोटो नातवंडांना परकाच राहतो.

जयभीम!