विजेमागे काय उरते? सिद्धगड, अवजल आणि राखेचा हिशेब

१/ २ जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पहाटे पोलिसांच्या गोळ्या सुटल्या आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्याच पहाटे तेथे लोक जमतात, मानवंदना दिली जाते. आझाद दस्त्याची ही कथा ठाणे-रायगड भागातील पुष्कळांना ठाऊक असते. मात्र त्या कथेतील एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : दस्त्याने विजेचे मनोरेच का निवडले?

२/ माथेरानच्या नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल पेशाने वकील होते. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उघडल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा काढल्या. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि पुढील काही महिन्यांत त्यांच्या दस्त्याने मुंबईला वीज वाहून नेणारे मनोरे एकामागून एक पाडले. मनोरा पडला की मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या अडखळत. ज्या गावांच्या डोक्यावरून त्या तारा जात होत्या, त्या गावांतील घरे मात्र रॉकेलच्या दिव्यावरच चालत होती. मनोऱ्यांच्या निवडीत डावपेच तर होताच. पण वीज कोणाच्या अंगणातून जाते आणि कोणाच्या घरी पोहोचते, हेही त्या निवडीने उघडे पाडले.

३/ ही वीज सह्याद्रीच्या पाण्यावर तयार होत होती. टाटांच्या कंपन्यांनी घाटमाथ्यावर धरणे बांधली आणि घाटाच्या पायथ्याशी तीन वीजगृहे उभारली : खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). इंद्रायणी, आंध्रा, नीला-मुळा या नद्यांचा नैसर्गिक ओघ पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्याकडे. तो अडवून पाणी पश्चिमेकडे वळवले गेले. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून ते नळांतून खाली येते, चक्र फिरवते आणि बाहेर पडते.

४/ बाहेर पडणाऱ्या या पाण्याला मराठीत ‘अवजल’ म्हणतात. कोयनेमुळे हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. शब्दाची घडण बोलकी आहे. ‘अव’ म्हणजे खालचे, उतरलेले. वीजगृहाच्या दृष्टीने त्या पाण्याचे काम संपलेले असते. वस्तुतः त्या पाण्यात ना राख असते, ना तेल. त्यातून फक्त उंची खर्च झालेली असते. तरीही हिशेबाच्या वहीत ते ‘उरलेले’ ठरते. एखादी वस्तू टाकाऊ आहे की नाही, हे तिच्या गुणधर्मांवर ठरण्याआधी वही कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

५/ भिवपुरीच्या अवजलाचे पुढे काय झाले, हे कर्जतच्या शेतकऱ्याला विचारावे. राजनाला कालव्याने ते पाणी शेतात नेले आणि जेथे पावसाळी भातानंतर जमीन उघडी पडे, तेथे उन्हाळी भात उभा राहिला. उरलेले पाणी उल्हास नदीला मिळते. कल्याणच्या परिसरातील शहरे उन्हाळ्यात बारवी धरणाबरोबर याच पाण्यावर विसंबून असतात. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत जाते व रसायनीच्या कारखान्यांना उपयोगी पडते. भिऱ्याच्या अवजलाने कुंडलिका बारमाही वाहते. ‘संपलेल्या’ पाण्यावर असा अर्धा उत्तर कोकण जगतो.

६/ ही पुनर्वापराची आदर्श कहाणी म्हणून सांगितली जाते. मात्र तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. खाली कोकणात जे वरदान ठरले, ते वर मावळात विस्थापन होते. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, गावे बुडाली. पूर्वेकडे भीमेच्या कोरड्या खोऱ्यातून ‘आमचे पाणी परत द्या’ ही मागणी आजही उठते. एका खोऱ्याचे अवजल हे दुसऱ्या खोऱ्याचे हरवलेले जल असते.

७/ कोयनेचे उदाहरण याहून कठोर आहे. कृष्णा खोऱ्यातून वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता आहे. ते वाशिष्ठीत उतरते आणि त्यातील बहुतांश दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. वापर करण्याच्या योजना वर्षानुवर्षे मांडल्या जातात. खाली घेणारा सिद्ध नसेल तर पाणीही कचऱ्यासारखे वाहून जाते, हा त्यातील धडा.

८/ आता कोळशाकडे पाहू. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, एकलहरे, पारस, परळी ही महाराष्ट्राच्या विजेची नावे. तीच राखेच्या डोंगरांचीही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणजे तीन गाड्या कोळसा जाळला तर जवळपास एक गाडी राख. अनेक दशके ती पाण्यात कालवून तळ्यांत सोडली गेली. तळे भरले की आणखी जमीन घ्यायची, एवढेच धोरण होते.

९/ सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा नियम केला : वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळावी आणि केंद्रांनी ती दहा वर्षे मोफत द्यावी. पुढे अंतर वाढत गेले, राखेला सिमेंट कारखान्यांत मागणी आली आणि कालची घाण विकाऊ माल बनली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व लावले. न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई ठरवली. तरी जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याच्या राखतळ्याचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. ताजी राख विकली जाते; साठलेली राख गावाच्या वाट्याला येते.

१०/ अवजल आणि राख या दोन्ही धाग्यांची गाठ सिद्धगडाच्या उत्तरेस, शेजारच्या शहापूर तालुक्यात पडते. घाटघर उदंचन प्रकल्प, २५० मेगावॉट, २००८ पासून कार्यरत. वरचे धरण अकोले तालुक्यात प्रवरेवर, खालचे शहापूरमधील चोंढे येथे. मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचे. येथे अवजल नावाची गोष्टच उरत नाही. तेच पाणी पुनःपुन्हा राबते. शिवाय ही धरणे रोलरने दाबून घट्ट केलेल्या काँक्रीटची आहेत. देशात असे धरण प्रथम येथेच झाले आणि त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा औष्णिक केंद्रांची राख अधिक आहे. कोळशाच्या विजेचा कचरा पाण्याच्या विजेची भिंत झाला.

११/ अभियंत्यांनी याचा अभिमान बाळगावा, यात शंका नाही. पुनर्वापराने सिमेंट वाचते, पाणी वाचते. जे म्हणतात की हे सर्व कंपन्यांचे नुसते जाहिरातीचे बोल आहेत, ते चोंढ्याची भिंत पाहत नाहीत. पण जे पुनर्वापर म्हणजे आपोआप न्याय असे मानतात, ते मुळशी आणि खसाळा विसरतात. टाकाऊ असते तोवर वस्तू गावाच्या माथी मारली जाते. मोलाची ठरली की तिचा मालक उभा राहतो. या क्रमाला अपवाद घडवायचा, तर पुनर्वापराच्या हिशेबात खालच्या गावाचा हक्क पहिल्याच पानावर लिहावा लागेल.

१२/ याची कसोटी दूर नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवता (१,८०० मेगावॉट) व भिवपुरी (१,००० मेगावॉट) येथील उदंचन प्रकल्पांसाठी करार झाला. सूर्य आणि वाऱ्याची वीज साठवायला असे प्रकल्प हवेतच. मात्र पाणी वर-खाली फिरते ठेवणे हे ज्यांचे काम, त्यांच्या शेजारी शंभर वर्षे खाली वाहत आलेले अवजल राजनाल्याला आणि उल्हासला तेवढेच, त्याच हंगामात मिळत राहील, याची लेखी हमी सुरुवातीलाच असावी. शतकभराच्या वहिवाटीला ‘उरलेले पाणी’ म्हणून पुसून टाकता येणार नाही.

१३/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सिद्धगडावर जावे, मानवंदना द्यावी आणि तेथून वाकून खालच्या खोऱ्याकडेही पाहावे. आझाद दस्त्याने ज्या तारा तोडल्या, त्यांच्या एका टोकाला मुंबई होती आणि दुसऱ्या टोकाला बुडालेली मावळची गावे. मनोरे पुन्हा उभे राहिले, देश स्वतंत्र झाला, खेड्यांत वीज आली. विजेमागे जे उरते, त्याचा वाटा मात्र अजून ठरायचा आहे. तो ठरवताना खालच्या गावाला विचारणे, हे कोतवालांच्या धान्यकोठीचेच पुढले पाऊल ठरेल.