पक्षांनाही तक्रार समिती बंधनकारक हवी

नेत्यावर लैंगिक छळाचा आरोप झाला की त्याच्या पक्षाचे उत्तर ठरलेले असते: कायदा आपले काम करील. या उत्तराआड पक्ष स्वतःची जबाबदारी झटकतो. धर्मनिरपेक्ष जनता दलाचे तत्कालीन खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्या प्रकरणाचा क्रम पाहा. ते लोकसभेचे उमेदवार असलेल्या कर्नाटकातील हासनमध्ये २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. त्याआधीच त्यांच्याशी संबंधित लैंगिक अत्याचाराच्या चित्रफिती मतदारसंघात फिरत होत्या. मतदानानंतर ते खासदारकीमुळे मिळालेल्या राजनैतिक पासपोर्टवर जर्मनीला गेले आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाने त्यांना निलंबित केले ते ३० एप्रिलला. ३१ मे रोजी परतताच त्यांना अटक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये विशेष न्यायालयाने घरकाम करणाऱ्या महिलेवरील बलात्काराबद्दल त्यांना जन्मठेप सुनावली. न्यायालयाने आपले काम केले. पण उमेदवारी देणे आणि मतदान होईपर्यंत गप्प राहणे हे निर्णय पक्षाचे होते.

फौजदारी न्यायालय माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते, म्हणून तिथे पुरावा संशयातीत लागतो. सत्तेचे पद हा मात्र कुणाचा मूलभूत हक्क नाही. नोकरीत हा फरक आपण केव्हाच मान्य केला आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती लागते आणि तिने ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. कारकुनाला लागू असलेला हा नियम त्याच्या खात्याच्या मंत्र्याच्या पक्षाला लागू नाही. पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर नाते नसल्याने समितीची सक्ती करता येत नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. पक्षांना या कायद्याखाली आणण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये फेटाळली. वास्तवात मात्र महिला कार्यकर्तीचे पद, तिकीट आणि भवितव्य नेत्याच्या शब्दावर अवलंबून असते. तिने दाद मागायची ती त्याच नेत्याकडे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, विरोधक खोट्या तक्रारी करवतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. निर्दोष नेत्यालाही वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या संशयापेक्षा तीन महिन्यांची चौकशी परवडेल. दुसरा, खासगी आयुष्यात डोकावू नये. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांशी जनतेला कर्तव्य नाही. पदाचा धाक दाखवून साधलेली जवळीक मात्र खासगी राहत नाही. तिसरा, मतदार निकाल देतीलच. हासनच्या मतदारांनी रेवण्णांना ४२ हजारांहून अधिक मतांनी पाडले, हे खरे. पण मतदाराची पाळी पाच वर्षांनी येते, आणि पक्षाने दडवलेली तक्रार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, याची कारणे जाहीर करा; निवडून येण्याची क्षमता एवढेच कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्षांना बजावले. जिची तक्रार पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचलीच नाही, तिला या आदेशाचा काय उपयोग?

म्हणून संसदेने कायद्यात दुरुस्ती करून नोंदणीकृत पक्षांना बाहेरच्या सदस्यांसह अशी समिती बंधनकारक करावी आणि चौकशी संपेपर्यंत आरोप असलेल्याला पद व उमेदवारीपासून दूर ठेवावे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. लोकसभा-विधानसभांतील एकतृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. महिलांना राजकारणात बोलावणाऱ्या पक्षांनी आधी त्यांच्या सुरक्षिततेची लेखी हमी द्यावी. दुरुस्तीची वाटही पाहण्याची गरज नाही. पक्षाच्या घटनेत हा नियम आजही घालता येतो.