उधारीची वही कुणाच्या हातात?

गेल्या एप्रिलमध्ये हैदराबादेत जयंतीचा कार्यक्रम आटोपून आम्ही दहा-बारा जण जेवायला बसलो होतो. सगळे नोकरदार, सगळे आपापल्या घरातले पहिले पदवीधर. बोलता बोलता मी म्हणाले, आपण आपल्या गावाकडच्या वस्त्यांमध्ये सहकारी किराणा दुकानं काढायला हवीत. आधी शांतता, मग हसू. एक जण म्हणाला, "ताई, एवढं शिकून आता मीठ-मिरची विकायची?" दुसरा म्हणाला, "अ‍ॅपवर दहा मिनिटांत सामान येतं. तिथं कोण जात विचारतं?"

त्या दोघांना उत्तर म्हणून हे लिहिते आहे. त्या दिवशी बोलले नाही, कारण माझ्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक येते आणि ती चारचौघांत सांगायची माझी तयारी नव्हती.

आमचं गाव मराठवाड्यातलं. गावात किराणा दुकान एकच, शेठचं. त्याला तीन पायऱ्या होत्या. आम्ही खालच्या पायरीशी उभं राहायचं. तेलाची बाटली पायरीवर ठेवायची, पैसेही पायरीवरच. शेठचा गडी बाटली उचलून भरून परत तिथंच ठेवायचा. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी जायचे, कारण माय रोजंदारीवरून आली की तिच्या हातात त्या दिवसाचेच पैसे असायचे. पावशेर डाळ, पाच रुपयांचं तेल, एक रुपयाची चहापत्ती. पैसे नसतील त्या दिवशी शेठ वहीत लिहायचा. काय लिहिलं ते मायला वाचता यायचं नाही. मी चौथीत गेले तेव्हा एकदा लांबून वाचायचा प्रयत्न केला, तर शेठने वही मिटली. म्हणाला, "शाळेत शिकतीस व्हय गं?" एवढंच. पण मायने मला त्यानंतर महिनाभर दुकानात पाठवलं नाही.

2003 साली जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून भांडण झालं. दुसऱ्या दिवशी दुकान आम्हाला बंद. पिठाची गिरणी बंद. शेतातलं काम बंद. मारहाण झाली नाही, कुणाचं घर जळलं नाही, म्हणून पेपरात एक ओळ आली नाही. एकोणीस दिवस वस्तीतली माणसं नऊ किलोमीटर चालत तालुक्याला जाऊन मीठ आणत होती. तक्रार करायला गेलेल्या मोठ्या माणसांना उत्तर मिळालं, कोणाला माल विकायचा ही दुकानदाराची मर्जी.

'दुकानदाराची मर्जी' या उत्तराला कायदेशीर आव्हान बाबासाहेबांनी दिलं होतं. 1927 साली चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर आसपासच्या गावांत आपल्या माणसांवर काय आलं ते त्यांनी पाहिलं होतं. नंतर मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते आणि त्या समितीने 1930 च्या अहवालात बहिष्काराचं हत्यार नेमकं ओळखलं: गावात अस्पृश्यांकडे जमीन नाही, मजुरी सवर्णांच्या हातात आणि रोजच्या गरजेची वस्तू वाण्याच्या हातात, त्यामुळे तिथं लाठी उगारायची गरजच पडत नाही. त्याच वर्षी लंडनला गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रेट्टमलाई श्रीनिवासन यांनी जो मसुदा दिला, त्यात बहिष्कार घालणं हा गुन्हा ठरवा अशी मागणी होती. त्यासाठी त्यांनी आधार घेतला ब्रह्मदेशातल्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. गोलमेज म्हटलं की आपल्याला स्वतंत्र मतदारसंघ आठवतो. मिठाच्या पुडीचा प्रश्नही त्याच कागदावर होता हे आपण विसरतो.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आर्थिक आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत आला तो 2015 च्या दुरुस्तीने, आणि ती लागू झाली 26 जानेवारी 2016 ला. लंडनपासून मोजा, पंच्याऐंशी वर्षं. कायदा हवाच होता. पण गुन्हा नोंदवून केस उभी राहीपर्यंत चूल पेटवायची कशावर, हे कायदा सांगत नाही.

आता अ‍ॅपवाल्या मित्राकडे येते. त्याचं म्हणणं मी पूर्ण खोडत नाही. औरंगाबादला शिकायला गेल्यावर एका मोठ्या दुकानात मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तूरडाळीचं पाकीट उचललं, पाठीमागची किंमत वाचली, परत ठेवलं, दुसरं उचललं. कुणी ओरडलं नाही. मी उगाच अर्धा तास तिथं फिरत राहिले. ती मोकळीक खोटी नव्हती. बाजारात जात विरघळते असं म्हणणाऱ्यांना बहुतेक असाच काहीतरी अनुभव आलेला असतो.

पण ती मोकळीक मी शिष्यवृत्तीच्या पैशांनी विकत घेतली होती. ज्याच्याकडे महिन्याचा पगार आहे त्याला अ‍ॅप दहा मिनिटांत सामान देतं, आणि ते घेऊन जिने चढून येणारा पोरगा बऱ्याचदा आपल्यातलाच असतो. ज्याच्याकडे फक्त आजची मजुरी आहे त्याला पाच रुपयांचं तेल अ‍ॅप देत नाही. तो छोट्या पुड्या घेतो, किलोमागे आपल्यापेक्षा जास्त मोजतो आणि वर वहीत नाव लिहून ठेवतो. शाह, मंदर, थोरात, देशपांडे आणि बाविस्कर यांचा अकरा राज्यांतल्या 565 गावांचा अभ्यास 2006 साली पुस्तकरूपाने आला. त्यात तीनपैकी एकाहून अधिक गावांमध्ये दलितांना दुकानात प्रवेश नव्हता. बाहेर थांबायचं, माल जमिनीवर, पैसे जमिनीवर. मला वाटायचं, ती पायरी फक्त आमच्या गावात आहे.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त झोंबते. जिथं दूध सहकारी संस्था होत्या, अशा जवळपास निम्म्या गावांत दलितांना संस्थेला दूध घालता येत नव्हतं. संस्था सहकारी, फलकावर सगळ्यांना सभासदत्व खुलं, पण आपल्या म्हशीचं दूध बाटतं. महाराष्ट्रात 'सहकार' हा शब्द ऐकला की आपल्याला कारखाना, जिल्हा बँक आणि तिथल्या ठरावीक आडनावांची मिरवणूक दिसते. राज्याच्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर अनुसूचित जाती-जमातींसाठी मिळून एक जागा राखीव आहे. त्या एका खुर्चीवर बसलेला माणूस बहुतेक वेळा सही करतो आणि चहा पितो. म्हणून आपली मुलं सहकाराला नाक मुरडतात, आणि मला त्याचा राग येत नाही.

पण सहकार त्यांची मक्तेदारी नाही. केरळात 1925 साली वाग्भटानंद गुरूंच्या मागे गेलेल्या मजुरांना जमीनदारांनी काम नाकारलं. त्या मजुरांनी मिळून ऊरालुंगल इथं मजूर सहकारी संस्था काढली. बहिष्कारातून उभी राहिलेली ही संस्था आज रस्ते आणि पूल बांधते, हजारो लोकांना काम देते.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लफ्लोर काउंटीत 1962 च्या हिवाळ्यात काळी माणसं मतदार यादीत नाव घालायला लागली, तर तिथल्या प्रशासनाने गरिबांना मिळणारं सरकारी धान्यच बंद केलं. उत्तरेतल्या शहरांतून लोकांनी धान्य गोळा करून पाठवलं तेव्हा चुली पेटल्या. त्याच वर्षी शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत फॅनी लू हेमर नावाची मजूर बाई मतदार नोंदणीला गेली, आणि ज्या मळ्यावर तिने अठरा वर्षं काम केलं होतं तिथून तिला हाकलण्यात आलं. या बाईने पुढे भाषणं केली, पक्षाच्या अधिवेशनात देशाला जाब विचारला. आणि 1969 साली तिने चाळीस एकर जमीन घेऊन फ्रीडम फार्म नावाची सहकारी शेती सुरू केली, डुकरांची बँक काढली. कुटुंबाने मादी न्यायची, पिल्लं झाली की त्यातली दोन बँकेत परत करायची. (आपल्याकडे डुक्कर म्हटलं की शिवी आठवते. तिथं ते वर्षभराच्या मांसाची आणि स्वाभिमानाची सोय होतं.) तिला कळलं होतं की पोटाची दोरी मळेवाल्याच्या हातात असेल, तर मताचा कागद घरापर्यंत टिकत नाही.

फ्रीडम फार्म सत्तरच्या दशकाच्या मध्यात बंद पडलं. पूर आणि दुष्काळ होता, कर्ज होतं, आणि व्यवहार सांभाळणारी माणसं कमी पडली. हे शेवटचं कारण वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं.

कारण आमच्या वस्तीनेही दुकान काढलं होतं. त्या एकोणीस दिवसांनंतर एक्कावन्न घरांनी प्रत्येकी पाचशे रुपये काढले. काहींनी दोन-दोन हप्त्यांत दिले, एका आजीने कोंबड्या विकून. पंचवीस हजार पाचशे रुपये. समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत मांडणी लावली, तालुक्याच्या मोंढ्यातून टेम्पोने माल आला. पायरी नव्हती. बाया आत येऊन डाळ हातात घेऊन बघायच्या, नाक लावून तेलाचा वास घ्यायच्या, आणि उगाच भाव करायच्या. शेठने महिनाभरात साखरेचा भाव उतरवला. आमच्या दुकानाने वस्तीला दिलेला तो पहिला नफा, आणि तो कुठल्याच वहीत नाही.

दुकान माझे चुलते बघायचे. ते चौथी शिकलेले. मी तेव्हा औरंगाबादला होस्टेलवर राहून बी.कॉम. करत होते. त्यांनी निरोप धाडला, "बाई, महिन्यातून एकदा ये आन् हिशोब बघून जा." मी चौदा महिन्यांत दोनदा गेले. परीक्षा आहे म्हणायचे. परीक्षा होत्याही. पण होस्टेलवरच्या मैत्रिणींना 'आमच्या दुकानाचा हिशोब करायला चाललेय' असं सांगायची मला लाज वाटायची. दुकान म्हणजे वस्ती, वस्ती म्हणजे जात. मी तेव्हा मोठ्या कंपनीत लागायची स्वप्नं बघत होते.

चौदाव्या महिन्यात वहीत एकतीसशे रुपये कमी निघाले. उधारी थकलेली होतीच, त्यात हे. लोक कुजबुजायला लागले की चुलत्यांनी खाल्ले. त्यांनी किल्ली समाजमंदिरात नेऊन ठेवली आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. जयंतीलाही नाहीत. दुकान मिटलं. वस्ती परत त्या पायरीशी.

ते गेल्यावर चुलतीने ट्रंकेतली वही मला दिली. मी आता हैदराबादेत दुसऱ्यांचेच हिशोब तपासण्याचा पगार घेते, त्यामुळे सवयीने चाळायला बसले. एका पानाची बेरीज पुढच्या पानावर ओढायची राहिली होती. एकतीसशे रुपये तिथंच होते. तीन तासांचं काम. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला जमेल असं.

तर मीठ-मिरची विकायची का, असं विचारणाऱ्या मित्राला माझं म्हणणं असं आहे. गल्ल्यावर तू बसू नकोस. वस्तीत त्यासाठी तुझ्यापेक्षा हुशार बाया आहेत. पण तुझ्या आईवडिलांच्या घरी दर महिन्याला चार-पाच हजारांचा किराणा जातो, तो तू शेठच्याच दुकानात फोनवरून भरतोस. तेच पैसे महिन्याच्या एक तारखेला वस्तीच्या दुकानात आगाऊ भर. असे वीस पगारदार जमले की त्या आगाऊ पैशांत तेलाचे डबे आणि डाळीची पोती रोखीने येतात, मोंढ्यात भाव मिळतो आणि त्याच खेळत्या पैशांतून रोजंदारीवाल्या घराला आठ दिवसांची उधारी देता येते. उधारी अजिबात नको असं शहाणपण मला सांगू नका. उधारी न देणाऱ्या दुकानातून आमची माणसं दोन दिवसांत शेठकडे जातील. मर्यादा घाला, तारीख घाला, आणि वही अशी ठेवा की ती चौथीतल्या पोरीने वाचायला मागितली तर कुणी मिटणार नाही.

देणगी देऊ नका. जयंतीची वर्गणी देतो तशी पावती फाडून मोकळं होता येईल अशी ही गोष्ट नाही. भागभांडवल घ्या, म्हणजे भांडायचा हक्क राहील. महाराष्ट्रात नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. एवढी माणसं आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

आणि मांडणीवर एक फळी आपल्या बायांच्या मालाची ठेवा. 2021 च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेलं अन्न सवर्ण मुलांनी खायचं नाकारलं, हे सगळ्या देशाने वाचलं. आमच्या आक्काचा काळा मसाला बाजारच्या कुठल्याही मसाल्याला ऐकत नाही, पण तालुक्याच्या दुकानात तो ठेवून घेत नाहीत, कारण विचारलं तर 'पॅकिंग नाही' म्हणतात. आमच्यातल्याच एकाने सुचवलं, पाकिटावर एखाद्या देवीचं नाव टाकू, खपेल. मी नाही म्हटलं. आक्काचं नाव आडनावासकट छापायचं. आधी आपल्या एक्कावन्न घरांत खपू दे, मग तालुक्याच्या शहरात नोकरी करणाऱ्या आपल्या घरांत. बाहेरचं गिऱ्हाईक येईल तेव्हा नाव वाचून येईल.

गेल्या महिन्यात मी चुलतीला फोन करून हे सगळं सांगितलं. सतरा जणांचे आगाऊ पैसे द्यायचं ठरलंय, खोलीचं छप्पर दुरुस्त करू, मांडणी अजून शाबूत आहे का बघ, असं बरंच काही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ते समदं ठीक हाय. हिशोबाला दर महिन्याला येशील का, तेवढं सांग."

मी तिकीट काढलं आहे.