वसुली आणि बदला : दोन वेगळी खाती

व्यापाराच्या पानावर सिनेमाची चर्चा कशासाठी, असे काही बंधू विचारतील. आम्ही सिनेमाचे जाणकार नाही. कापडाचा ताणाबाणा कळतो, तेवढे पडद्यावरचे कळत नाही. परंतु गेल्या महिन्यात मुलाने 'रॉ डील' हा १९४८ सालचा अमेरिकन चित्रपट आम्हाला दाखवला आणि त्यात आम्हाला आमचीच खतावणी दिसली. म्हणून हे चार शब्द.

तुरुंगातून पळालेला कैदी आणि त्याचा इंतकाम, ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. 'शोले'मधला (१९७५) गब्बरसुद्धा तुरुंगातून पळूनच ठाकूरच्या घरावर तुटून पडतो. 'रॉ डील'चा नायक जो सुलिव्हन मात्र डाकू नव्हे, धनको आहे. रिक कॉइल नावाच्या टोळीवाल्याचा गुन्हा त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. त्याबदली रिककडून त्याचे ५०,००० डॉलर येणे आहे. रिकला ही रक्कम द्यायची नाही. म्हणून तो जोला तुरुंगातून पळून जायला मदत करतो. पळताना तो मारला जाईल आणि देणे आपोआप मिटेल, हा त्याचा हिशोब. बुडव्या माणसाची ही अक्कल आपल्या बाजारातही आहे. तो तोंडाने गोड बोलतो, "या, घेऊन जा" म्हणतो आणि दाराशी भलताच माणूस उभा करून ठेवतो.

जो जिवंत सुटतो. सोबत त्याच्यावर जीव टाकणारी पॅट असते. वाटेत तो वकिलाच्या कचेरीत काम करणाऱ्या अॅन या सरळमार्गी मुलीलाही जबरदस्तीने बरोबर घेतो. पैसे देण्याच्या बहाण्याने रिक मारेकरी पाठवतो. त्या झटापटीत अॅनच्या हातून गोळी सुटते. तिच्या आयुष्यात पिस्तुलाचे काय काम होते? पण दुसऱ्याच्या वसुलीत तीही ओढली गेली. अखेर जो पैसे सोडून पॅटबरोबर जहाजाने परदेशी जायला निघतो. तेव्हा कळते की रिकने अॅनला पकडून ठेवले आहे. तो परत फिरतो. रिक मरतो, जोही रस्त्यावर प्राण सोडतो. ५०,००० डॉलरपैकी एक डॉलरही कोणाच्या हाती पडत नाही. जोचे येणे खरे होते, तरी त्याच्या वसुलीत त्याचे स्वतःचे आणि दोन बायकांचे आयुष्य खर्ची पडले.

आता दुसरा हिशोब पाहा, हा चित्रपट बनवणाऱ्यांचा. ईगल-लायन ही हॉलिवूडमधली लहान कंपनी होती. मोठमोठे महाल, मोठे तारे, मोठी जाहिरात हे तिच्या आवाक्यातले नव्हते. दिग्दर्शक अँथनी मान आणि कॅमेरा सांभाळणारा जॉन आल्टन यांनी रडत बसण्याऐवजी असलेल्या भांडवलात काम केले. आल्टन थोडक्या दिव्यांत आणि झटपट काम उरकण्यासाठी प्रसिद्ध होता. जिथे दाखवायला काही नाही तिथे त्याने अंधार ठेवला, गल्लीत धुके सोडले. जहाजावरच्या प्रसंगात पॅटला अॅनची बातमी ठाऊक असते आणि ती जोपासून लपवत असते. तिथे आल्टन फक्त भिंतीवरचे घड्याळ दाखवतो आणि त्याच्या काचेत तिचा चेहरा. खर्च काहीच नाही, पण आमच्या पोटात खड्डा पडला. सारा चित्रपट ७९ मिनिटांत आटोपतो. याच आल्टनला पुढे 'अॅन अमेरिकन इन पॅरिस' (१९५१) या रंगीत चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी दुसऱ्या एका छायाचित्रकारासोबत ऑस्कर मिळाले.

म्हणजे ज्यांच्याजवळ थोडे होते त्यांनी ते नेमक्या जागी लावले, आणि त्यांनी गोष्ट सांगितली ती सर्वस्व चुकीच्या जागी लावणाऱ्या माणसाची. आमच्या मते लहान व्यापाऱ्याने यातून घेण्यासारखे हेच आहे.

आमची स्वतःची गोष्ट सांगतो. परगावच्या एका व्यापाऱ्याने आमच्या कापडाचे पैसे बुडवले. रक्कम मोठी होती. पहिले वर्ष आम्ही वसुलीसाठी फिरलो, ते योग्यच होते. पुढची पाच वर्षे मात्र आम्ही त्याला धडा शिकवण्यासाठी फिरलो. ऐन रमजानच्या हंगामात दुकान पोरांवर टाकून त्याच्या गावी मुक्काम ठोकला. जुनी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानाची पायरी चढली. आम्ही घरात बोलायचो ते फक्त त्याच्याविषयी. एके दिवशी बेगम म्हणाल्या, "त्याने एकदा बुडवलं, तुम्ही रोज बुडवताय." त्या दिवशी हिशोब मांडला, तर प्रवास, मुक्काम आणि हुकलेले हंगाम मिळून बुडालेल्या रकमेच्या पुढे गेले होते.

याचा अर्थ हक्क सोडावा असा मुळीच नाही. सोडून देणाऱ्यामुळे बुडवणारा शेफारतो. पण कायद्याचा रस्ता वेळेत धरावा. चेक न वटल्याची बँकेकडून खबर मिळताच ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी. विकलेल्या मालाच्या किमतीचा दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाला, म्हणजे विणकराला किंवा शिलाईच्या कारखानदाराला, २००६ च्या कायद्याचा आधार आहे. त्याच्या मालाचे पैसे कराराने ठरले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, उशीर झाल्यास व्याज लागते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना ती सोय नाही, म्हणून आम्ही तर उधारी देतानाच डोळे उघडे ठेवावेत.

कागद वकिलाच्या हाती दिला की आपण आपल्या गादीवर परत यावे. तारखेला जावे, बाकीचे दिवस धंदा करावा. आमची ती रक्कम आजही येणे आहे. वहीत ती तशीच लिहिलेली आहे, आम्ही ती खोडलेली नाही. फक्त ते पान आता रोज उघडत नाही.